लेबलवरचा 'ऑस्ट्रेलिया': बिरूबी आर्ट प्रकरण आणि वाद्यांचे संग्राहक

जुलै २०१५ ते नोव्हेंबर २०१७ या काळात बिरूबी आर्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने देशभरातल्या दुकानांना १८,००० हून अधिक वस्तू विकल्या. त्यांत बूमरँग होती, डिजरीडू (फुंकून वाजवायच्या लांब लाकडी नळ्या) होते, बुलरोअर (दोरीने फिरवून वाजवायच्या लाकडी पट्ट्या) होते आणि 'मेसेज स्टोन' म्हणून विकले जाणारे रंगवलेले दगड होते. त्यांच्यावरची चित्रं अबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींच्या, कलेची म्हणून जगाला ओळखीची असलेल्या धाटणीची होती. सोबत शब्द होते: 'हॅन्ड पेंटेड', 'हँडक्राफ्टेड', 'अबोरिजिनल आर्ट', 'ऑस्ट्रेलिया'. माल मात्र इंडोनेशियात तयार झालेला होता.

पुढे यावर खटला झाला, निकाल लागला, २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ऑस्ट्रेलियात हे प्रकरण ग्राहक कायद्याच्या अंगाने पुष्कळ चर्चिलं गेलं. मी ते वेगळ्या कारणासाठी वाचलं. वरच्या चार वस्तूंपैकी दोन वाद्यं आहेत, आणि लोकवाद्यं जमवणाऱ्या आमच्यासारख्या लोकांच्या घरी यातलं निदान एक तरी भिंतीला टेकून उभं असतं. सिडनी-मेलबर्नला मुलगा-सून असलेल्या पुण्या-ठाण्यातल्या घरांत तर शोकेसमधलं बूमरँग आता गणपतीच्या चांदीच्या मूर्तीइतकं नेहमीचं झालं आहे. ते कुठून आलं, हे सहसा कुणी विचारत नाही. 'ऑस्ट्रेलियाहून आलं' एवढं पुरतं.

खटल्याचा घटनाक्रम थोडक्यात असा. ऑस्ट्रेलियन कॉम्पिटिशन अँड कन्झ्युमर कमिशन, म्हणजे एसीसीसी, ही तिथली स्पर्धा आणि ग्राहकहिताची सरकारी यंत्रणा. तिने मार्च २०१८ मध्ये फेडरल कोर्टात दावा दाखल केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायमूर्ती मेलिसा पेरी यांनी निकाल दिला: वस्तू ऑस्ट्रेलियात बनल्या आणि त्या अबोरिजिनल माणसांनी हाताने रंगवल्या, असा खोटा समज कंपनीने करून दिला आणि त्यामुळे ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याचा भंग झाला. त्यानंतर कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे ती गुंडाळायला काढली गेली. जून २०१९ मध्ये दंडाची रक्कम ठरली.

आता या निकालातला सगळ्यात रसाचा भाग. लेबलवरचे शब्द सुटे करून बघा. इंडोनेशियातल्या कारागिराने हातात ब्रश धरून ठिपके दिले असतील, तर 'हॅन्ड पेंटेड' खोटं कसं म्हणणार? लाकूड हाताने तासलं असेल तर 'हँडक्राफ्टेड'ही खरंच. 'ऑस्ट्रेलिया' हा शब्द एकटा काहीच दावा करत नाही, ते एका देशाचं नाव आहे. 'मेड इन ऑस्ट्रेलिया' असं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. कोर्टात शब्द असे सुटे सुटे तोलले जात नाहीत. दुकानात उभ्या असलेल्या सामान्य ग्राहकासमोर वस्तू, तिचं चित्र, लेबल आणि शब्द हे सगळं एकदम येतं, आणि त्यातून त्याच्या मनात काय उभं राहतं, हे पाहिलं जातं. ठिपक्यांचं कासव, बाजूला 'अबोरिजिनल आर्ट', खाली 'हॅन्ड पेंटेड' आणि 'ऑस्ट्रेलिया'. वाचणारा काय समजेल? कुण्या अबोरिजिनल माणसाने ऑस्ट्रेलियात बसून हे रंगवलं, असंच समजेल. खोटेपणा सुट्या शब्दांपेक्षा त्यांच्या शेजारात होता.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते याचसाठी. संग्राहकही वस्तू अशीच पाहतो. आकार ओळखीचा, नक्षी ओळखीची, विकणारा त्या देशातला. तीन गोष्टी जुळल्या की चौथी, म्हणजे बनवणारा हात, तो स्वतःच भरून टाकतो. त्याला कुणी फसवावंही लागत नाही.

आता दोन डिजरीडू शेजारी शेजारी ठेवून पाहू. एक स्मरणवस्तूंच्या दुकानातला, बाली बेटावर तयार होतो त्या जातीचा. दुसरा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचा. तिथले योल्ंगू लोक त्याला यिडाकी म्हणतात, तर पश्चिम आर्नहेम लँडमध्ये त्याच्याच भावंडाला मागो म्हणतात.

पहिला बहुतेक वेळा सागाचा, महोगनीचा किंवा बांबूचा असतो. आत टॉर्च मारा. नळी एकसारखी, गुळगुळीत, ड्रिल घालून कोरलेली दिसते, किंवा लाकूड उभं चिरून, दोन्ही अर्धी कोरून पुन्हा चिकटवलेलं असतं. मग शिवण शोधायची. बाहेरून रंगाखाली ती लपते, पण तोंडाच्या आणि शेवटाच्या कडेला समोरासमोर दोन बारीक रेषा सापडतात. बांबू असेल तर आत पेरांच्या जागी फोडलेल्या पडद्यांच्या कडा लागतात. वरून दाट चमकदार वार्निश. ठिपके काडीच्या टोकाने दिलेले, एका मापाचे, ओळीत. कांगारू, सरडा, कासव यांपैकी एक तरी हमखास.

दुसऱ्याची नळी कुणी कोरलेली नसते. ती वाळवीने केलेली असते. युकॅलिप्टसच्या जाती, विशेषतः स्ट्रिंगीबार्क, जिला योल्ंगू गडायका म्हणतात, यांच्या जिवंत खोडाचा गाभा वाळवी खाऊन टाकते आणि बाहेरचं लाकूड तसंच राहतं. वाद्य करणारा माणूस रानात झाडामागून झाड बघत हिंडतो, साल थोडी काढून खोडावर बोटांनी किंवा कुऱ्हाडीच्या दांड्याने टकटक करतो आणि आवाजावरून आत किती पोकळी आहे ते ताडतो. फार पोकळ झालेलं झाड फुटतं, कमी पोकळ असलेलं वाजत नाही. तोडल्यावर साल सोलायची, आतली माती आणि वाळवीचा भुगा काढायचा, तोंडाकडची आणि शेवटाकडची भिंत तासून पातळ करायची. तोंड खडबडीत किंवा मोठं असेल तर मधमाशीच्या मेणाची कडी बसवायची. अशा नळीत टॉर्च मारली की खाचा, कपारी, फुगवटे दिसतात. दोन यिडाकी आतून सारखे निघणं अशक्य. लांबी साधारण एक ते दीड मीटर, आणि लाकूड जड. उचलताच हाताला फरक कळतो.

वाजवल्यावर तर शंकाच राहत नाही. ईशान्य आर्नहेम लँडच्या शैलीत अखंड घुमणाऱ्या मूळ स्वरावर मध्येच एक उंच फुंकर मारून 'टूट' असा दुसरा स्वर काढतात आणि तालाची वाक्यं त्यावर बांधतात. चांगल्या यिडाकीत तो स्वर ओठांच्या जराशा ताणाने निघतो, कारण नळीचा आकारच तसा निवडलेला असतो. पश्चिमेच्या मागो शैलीत हा उंच स्वर वापरत नाहीत. बाजारातला सरळ कोरलेला सागवानी डिजरीडू घुमतो ठीक, पण श्वास भराभर खातो, उलट दाब देत नाही. नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहण्याचं तंत्र, ज्याला चक्रश्वसन म्हणता येईल, ते त्यावर शिकताना नवशिक्याची दमछाक होते आणि तो दोष स्वतःला देतो.

नक्षीकडे वळू, कारण संग्राहकाचा पाय तिथेच घसरतो. जगभर 'अबोरिजिनल' म्हणून ओळखली जाणारी ठिपक्यांची चित्रकला कॅनव्हासवर आली ती मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, १९७१ नंतर पापुन्या या वस्तीत. डिजरीडू मुळात उत्तरेचा. उत्तरेला, आर्नहेम लँडमध्ये, चित्रांची घडण वेगळी: केसांच्या बारीक ब्रशने ओढलेल्या रेघांची आडवी-तिरपी जाळी, रंग गेरू, पिवळी माती, पांढरी माती आणि कोळसा. योल्ंगूंमध्ये पवित्र नक्षी कुळाकुळाच्या मालकीची असते. धुवा आणि यिरित्जा अशा दोन अर्धांत सगळं जग वाटलेलं आहे, आणि कुणी कुठली नक्षी काढायची हे जन्माने आणि परवानगीने ठरतं. तेव्हा वाळवंटातले ठिपके उत्तरेच्या वाद्यावर दिसले, तर निदान भुवई उंचावायला हरकत नाही.

पण यापुढे जाऊन 'ठिपके म्हणजे नकली' असा सोपा नियम करू नका. गेल्या काही दशकांत डिजरीडू सगळ्या ऑस्ट्रेलियाभरच्या अबोरिजिनल लोकांनी आपला मानला आहे. क्वीन्सलँडमधला एखादा अबोरिजिनल चित्रकार त्यावर अॅक्रिलिकने ठिपके काढतो आणि आपल्या नावाने विकतो, तेव्हा त्यात काही खोटं नसतं. उलट, समारंभात प्रत्यक्ष वाजवले जाणारे कित्येक यिडाकी अजिबात रंगवलेले नसतात. तडा गेला की वाजवणारा त्यावर सरळ काळी विजेची टेप गुंडाळतो. दुकानात असं टेप गुंडाळलेलं दांडकं ठेवलं तर आपल्यापैकी किती जण त्याला हात लावतील? नक्षी ही खरेपणाची खूण नव्हे आणि खोटेपणाचीही नव्हे. बिरूबीच्या मालात तीच खूण म्हणून विकली गेली.

बुलरोअरची गोष्ट आणखी नाजूक आहे. पातळ लाकडी पट्टी, एका टोकाला भोक, त्यात दोरी. डोक्यावर गरागरा फिरवली की पट्टी स्वतःभोवतीही फिरते आणि घूं-घूं असा कापरा आवाज येतो. वेग वाढवला की स्वर चढतो. वाद्यशास्त्राच्या दृष्टीने साधी गोष्ट, जगातल्या अनेक समाजांत सापडणारी. पण ऑस्ट्रेलियातल्या अनेक अबोरिजिनल समाजांत ही वस्तू दीक्षाविधीशी जोडलेली, गुप्त आणि पवित्र आहे. काही ठिकाणी दीक्षा न झालेल्या मुलाने किंवा स्त्रीने ती पाहणंही निषिद्ध. अशी वस्तू विमानतळाच्या दुकानात फ्रिजच्या मॅग्नेटशेजारी टांगून विकली जाते, तेव्हा 'कुठे बनली' हा प्रश्न दुय्यम ठरतो. ती ऑस्ट्रेलियात बनली असती तरी काही घरांत ती बघून मान खाली गेली असती.

संग्राहकांसाठी इथे एक व्यवहाराचा मुद्दाही आहे. गुप्त आणि पवित्र विधीच्या जुन्या वस्तू ऑस्ट्रेलियाबाहेर नेता येत नाहीत. १९८६ च्या सांस्कृतिक वारसा कायद्यात त्या निर्यातबंदी असलेल्या वर्गात मोडतात. 'आजोबांच्या काळातला, विधीत वापरलेला बुलरोअर' असं सांगून कुणी ऑनलाइन विकत असेल, तर दोनच शक्यता उरतात: तो खोटं बोलतो आहे, किंवा खरं बोलतो आहे आणि वस्तू तुमच्याकडे असायलाच नको. मी बुलरोअर जमवत नाही. आवाज ऐकायचा असेल तर पट्टी घरी तासता येते, आणि त्यावर कुणाचीही नक्षी काढायची गरज पडत नाही.

परत कोर्टाकडे. या खटल्यात कुठलाही चित्रकार वादी नव्हता, कुठलंही कूळ वादी नव्हतं. दावा ग्राहकाच्या बाजूने होता. पैसे देऊन ज्याची दिशाभूल झाली तो कायद्याच्या नजरेत पीडित. दंड ठरवताना अबोरिजिनल लोकांना झालेल्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हानीची दखल घेतली गेली, पण दाराची किल्ली ग्राहकाच्या हातात होती. याचा उलटा अर्थ सरळ आहे. त्याच वस्तूंवर 'मेड इन इंडोनेशिया' असं ठळक लिहिलं असतं, तर ग्राहक कायद्याने त्या विकायला आडकाठी केली नसती. ठिपके तेच, कासव तेच, बुलरोअर तोच. शैली ही कुणाची खासगी मालमत्ता नाही. कॉपीराइट विशिष्ट चित्राला मिळतो, चित्र काढण्याच्या रीतीला मिळत नाही.

विशिष्ट चित्र उचललं की काय होतं, याचं उदाहरण १९९४ चं आहे. पर्थच्या एका कंपनीने व्हिएतनाममध्ये गालिचे विणून घेतले. त्यांवरची चित्रं नावाजलेल्या अबोरिजिनल चित्रकारांच्या प्रकाशित चित्रांवरून उचललेली होती, आणि वर लेबलवर असंही सांगितलं होतं की प्रत्येक गालिच्यामागे चित्रकारांना रॉयल्टी मिळते. मिळत काहीच नव्हतं. आर्नहेम लँडमधल्या यिरकाला गावच्या एका चित्रकर्तीचं पवित्र पाणवठ्याचं चित्र त्यात होतं, म्हणजे तिच्या कुळाची नक्षी लोकांच्या दिवाणखान्यात पायाखाली. (तिचं नाव इथे मुद्दाम देत नाही. त्या भागात निवर्तलेल्या माणसाचं नाव सहजासहजी घेत नाहीत.) त्या खटल्यात चित्रकार स्वतः वादी होते, कॉपीराइटचा भंग सिद्ध झाला आणि सुमारे १ लाख ८८ हजार डॉलरची भरपाई ठरली. काही चित्रकार तेव्हा हयात नव्हते. भरपाई एकत्रित दिली जावी, म्हणजे ती आपल्या रीतीने वाटून घेता येईल, हे कोर्टाने मान्य केलं, ही त्या निकालातली मला सर्वांत शहाणी वाटलेली गोष्ट.

बिरूबीच्या मालावर बोट ठेवायला हा मार्ग उपयोगी नव्हता. 'हे अमक्याच्या चित्रावरून उचललं' असं म्हणण्याऐवजी 'हे अबोरिजिनल चित्रांसारखं दिसतं' एवढंच म्हणता येत होतं, आणि 'सारखं दिसणं' कॉपीराइटच्या जाळ्यातून सुटतं. म्हणून ग्राहक कायद्याचं जाळं टाकावं लागलं. त्यात फक्त शब्द अडकतात.

दंडाची गोष्टही नीट वाचायला हवी. २३ लाख डॉलर भागिले १८ हजार वस्तू, म्हणजे वस्तूमागे सव्वाशे डॉलरच्या आसपास. आकडा भारदस्त आहे. पण दंड ठरला तेव्हा कंपनी आधीच गुंडाळायला काढलेली होती. लिक्विडेशनमधल्या कंपनीवर दंड लावायचा तो वसुलीच्या आशेने लावत नाहीत. बाकीच्या व्यापाऱ्यांनी आकडा वाचावा म्हणून लावतात, आणि एसीसीसीचा रोखही तोच होता. मला यात थोडं हसूही येतं आणि थोडं पटतंही. घाऊक व्यापाऱ्याच्या मनात उद्या लेबल छापताना '२३ लाख' हा आकडा आला, तरी काही काम झालं म्हणायचं. मात्र ज्या हातांनी तो माल रंगवला त्या इंडोनेशियातल्या कारागिरांचं काय, हा प्रश्न मला कुठल्याच चर्चेत दिसला नाही. त्यांचीही नावं लेबलवर नव्हती. दुसऱ्याच्या नक्षीचे ठिपके दिवसभर देत बसणारा माणूस या व्यवहारात श्रीमंत झाला असण्याची शक्यता कमीच.

अशा प्रकरणांची ही पहिली वेळ नव्हती. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ड्रीमटाइम क्रिएशन्स या कंपनीविरुद्धही एसीसीसीने कोर्टात बाजी मारली होती. तिथे अबोरिजिनल म्हणून पुढे केलेला चित्रकार प्रत्यक्षात अबोरिजिनल नव्हता. त्याही आधी, १९९९-२००० च्या सुमारास, अबोरिजिनल कलाकारांच्या हितासाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेने खरेपणाचं अधिकृत लेबल काढलं होतं. काही वर्षांतच ते बंद पडलं. कलाकारांनी अर्ज करायचे, पुरावे द्यायचे, आणि नकली माल विकणाऱ्याने काहीच करायचं नाही, अशी ती उलटी रचना होती. खऱ्याने स्वतःला सिद्ध करत बसायचं. त्यानंतर २०१० च्या आसपास विक्रेत्यांसाठी 'इंडिजिनस आर्ट कोड' आला, पण तो ऐच्छिक. ज्याला पाळायचा तो पाळतो.

बिरूबीचा खटला चालू असतानाच संसदेची एक समिती याच विषयावर साक्षी घेत होती. तिचा अहवाल डिसेंबर २०१८ मध्ये आला. २०२२ मध्ये तिथल्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने या बाजाराचा सविस्तर अभ्यास मांडला: अबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांच्या दृश्यकला-हस्तकलांची वर्षाची उलाढाल सुमारे २५ कोटी डॉलर, आणि त्यातल्या स्मरणवस्तू-भेटवस्तूंवर लोक जो पैसा खर्च करतात त्यातला निम्म्याहून अधिक नकली मालावर जातो. कमिशनची मुख्य शिफारस मला नेमकी वाटते. खऱ्यावर शिक्का मारण्याऐवजी नकलीवर लेबल सक्तीचं करा. जो माल अबोरिजिनल माणसाने बनवलेला नाही, किंवा त्याच्या परवानगीने बनलेला नाही, त्यावर तसं लिहिलंच पाहिजे. सिद्ध करण्याचा भार एका फटक्यात दुसऱ्या खांद्यावर जातो. जानेवारी २०२३ च्या राष्ट्रीय सांस्कृतिक धोरणात सरकारने पारंपरिक ज्ञान आणि सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा करण्याचं वचन दिलं.

आपल्याकडे याचा संबंध कुठे येतो? एक तर गोव्यात. हणजुणच्या बुधवारच्या बाजारात आणि हरमलच्या किनाऱ्यावर ठिपके दिलेले बांबूचे आणि सागवानी डिजरीडू वर्षानुवर्षं विकले जातात. तिथे बहुतेकदा कुणी 'ऑस्ट्रेलियन' असा दावाही करत नाही. विकणारा सांगतो, 'ट्रान्सला मस्त वाजतो.' हा प्रामाणिकपणा मला बिरूबीच्या लेबलपेक्षा बरा वाटतो. वाद्य म्हणून घ्यायला काही हरकत नाही. घरी आणून पाहुण्यांना 'अबोरिजिनल पीस' म्हणून दाखवलं की मात्र लेबल आपण छापलं.

दुसरा संबंध अधिक जवळचा. वारली चित्रशैलीला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळाला. तरीही वारली चित्रं कपांवर, बेडशीटवर, बँकेच्या कॅलेंडरवर कुणीही छापतो. त्या चित्रांत हमखास असतो तो तारपा: भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांचं फुंकवाद्य, आणि त्याच्याभोवती गोल धरून नाचणारी माणसं. तारपा वाजवणाराही श्वास न तोडता रात्र रात्र वाजवतो, डिजरीडूवाल्यासारखाच. गंमत अशी की तारप्याचं चित्र पडद्यावर घेणारे लाखो, तारपा घेणारा शोधून सापडत नाही. डहाणू-जव्हारकडे तो बनवणारे हात मोजके राहिलेत. ऑस्ट्रेलियात वाद्याला नक्षी चिकटवून विकलं. आपल्याकडे नक्षी घेतली आणि वाद्य तिथेच ठेवलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये निर्देशांक मिळाला तेव्हा निदान वाद्यच केंद्रस्थानी होतं. तिथे सतारमेकरांची घराणी आहेत, भोपळ्यापासून जवारीपर्यंत प्रत्येक टप्प्याला माणसाचं नाव आहे. बिरूबीसारखा माल तिथे खपवायचा तर आधी वाजवणाऱ्याला फसवावं लागेल, आणि वाजवणारा पर्यटकापेक्षा फार चिकट गिऱ्हाईक असतो.

आता संग्राहकाने काय करायचं. ऑस्ट्रेलियातून डिजरीडू घ्यायचाच असेल तर समाजाच्या स्वतःच्या कलाकेंद्राकडून घ्यावा. यिरकालाचं बुकू-लार्न्गाय मुल्का, मनिंग्रिडाचं मनिंग्रिडा आर्ट्स अँड कल्चर, गुनबलान्याचं इंजलाक आर्ट्स ही ठिकाणं ऑनलाइनही व्यवहार करतात. तिथे वस्तूसोबत बनवणाऱ्याचं नाव, कूळ, झाडाची जात, नक्षी कुणाची आणि कशाची, याचा कागद मिळतो. किंमत साहजिकच दुकानातल्यापेक्षा जास्त. इतरत्र घेताना एकच प्रश्न पुरतो: 'कुणी बनवलं?' देश विचारू नका, शैली विचारू नका, माणूस विचारा. झाड कुणी तोडलं आणि रंगवलं कुणी, ही दोन वेगळी माणसं असू शकतात, आणि पुष्कळदा असतात. विक्रेता दोन्ही नावं सांगत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. 'एका अबोरिजिनल कलाकाराने' एवढंच उत्तर आलं, तर हसून पुढच्या दुकानात जावं.

आणि जे आधीच घरात आलेलं आहे, त्याची नोंद बदलावी. संग्रहाची वही असेल तर 'डिजरीडू, ऑस्ट्रेलिया' खोडून 'डिजरीडूसारखं वाद्य, साग, उभं चिरून जोडलेलं, बहुधा इंडोनेशिया, कारागीर अज्ञात, अबोरिजिनल धाटणीची नक्षी, सिडनीत घेतलं' असं लिहावं. वस्तू फेकायची गरज नाही. तिच्यावर ज्या कारागिराने मेहनत घेतली ती खरीच आहे, आणि सव्वा मीटर सागाची नळी भजनात षड्ज धरायला वाईट नसते. बुलरोअर असेल तर तो कपाटात ठेवावा, भिंतीवर टांगू नये. कधी एखादा अबोरिजिनल पाहुणा घरी आलाच, तर त्याच्या समोरून तरी तो बाजूला असावा.